त्र्याहत्तर गोळ्या

१

ते शटर खाली ओढायला खुशबू गजभियेला रोज दोन्ही हात आणि वर एक गुडघा लागायचा. त्या शनिवारी सकाळी मात्र ते एका हातानं धाडकन खाली आलं. भीती माणसाकडून काय काय करवून घेते! जमिनीपासून वीतभर उरलं आणि तिथंच अडकलं. बाहेर वीस-पंचवीस माणसं, आत औषधांची कपाटं, खुशबू आणि कोपऱ्यात अंग चोरून उभी असलेली रीता.

झालं होतं ते असं. कुडव्याच्या शामकलाबाई कटरे, वय अठ्ठावन, सकाळी आठला अंगणात कोसळल्या. छाती अशी उडत होती की लुगड्यावरूनही दिसत होतं. मुलगा गुड्डू त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात टाकून आला आणि गल्लीतल्या बकाराम डॉक्टरला विचारलं, हे झालं कशानं? बकाराम डॉक्टर म्हणजे कुठल्याशा दवाखान्यात बारा वर्षं सुया उकळल्या आणि मग स्वतःच पाटी लावली, इतकाच डॉक्टर. त्यानं क्षणभरही विचार न करता सांगून टाकलं, "थायरॉईडची गोळी डुप्लिकेट दिली असन त्या पोरीनं."

ती पोरगी म्हणजे खुशबू. नाक्यावरचं 'मैत्री मेडिकल' तिचं. वडील रत्नपाल यांनी रेल्वेच्या फंडातून उभं करून दिलेलं, तीन वर्षांचं दुकान. रीता ही शामकलाबाईंची सून. ती बिचारी विचारायला धावत आली होती, की माय कशानं पडली असेल. तेवढ्यात मागून नवरा माणसं घेऊन आला आणि दोघीही आत सापडल्या.

"बाहेर निघ!" गुड्डूनं शटरवर लाथ घातली. "मेरी माँ को कुछ हुआ ना, दुकान जला दूँगा!"

मग एक जाड, थकलेला आवाज आला. पोलीस चौकीचा जमादार श्यामलाल होता तो. "गुड्डू, मागं सरक. आन पोरी, तू बी आयक. साहेब येतपर्यंत शटर असंच राहीन. तू आतच बस. बाई वाचली त पाहू. नाही वाचली त तुह्यावर गुन्हा लागते, लायसन जाते आन तू बी जातेस. समजलं?"

खुशबूला चांगलंच समजलं. शामकलाकाकी जगल्या तर ती जगणार होती, एवढा सरळ हिशेब होता.

तेवढ्यात शटरखालून एक प्लास्टिकची पिशवी आत सरकली. "काकीच्या उशाखाली हे सापडलं," श्यामलाल म्हणाला. "पाहून सांग, तुह्याच दुकानातलं आहे का?"

२

पिशवीत थायरॉईडच्या गोळ्यांची पांढरी बाटली होती. बकारामकडची कागदाची पुडी होती. आणि तळाशी गवतासारखी काही पिवळट पाती वाळून पडली होती. पात्यांकडे खुशबूनं बघितलंही नाही. बाटलीवर झडपच घातली तिनं.

बाटली तिचीच होती. शंभर गोळ्यांची, सहा वर्षांपासून चालू असलेल्या ताकदीचीच. त्यावर स्केचपेननं काढलेलं तिचंच टपोरं अक्षर: 'रोज एक. सकाळी उपाशीपोटी. एकही चुकवू नका.' खाली विक्रीची तारीख. तिनं गोळी काढून उजेडात धरली. छाप बरोबर, रंग बरोबर. रजिस्टर उघडून बॅच नंबर ताडला, तोही बरोबर.

"श्यामलालभाऊ, औषध अस्सल आहे. कंपनीत फोन लावून विचारा."

"मंग जास्त दिल्या असन कोणी!" गुड्डू ओरडला. हे बोलताना तो कुणाबद्दल बोलत होता ते आत रीताला कळलं. तिनं पदर तोंडात कोंबला.

"मोज तू," श्यामलाल म्हणाला. "मोठ्यानं मोज. आम्ही आयकतो."

खुशबूनं काउंटरवर कागद पसरला आणि दहा-दहाचे ढीग लावले. सात ढीग, वर तीन. त्र्याहत्तर.

"विकली कधी?"

"आज सत्तावीसवा दिवस."

बाहेर बोटांवर मोजत पुटपुटण्याचा आवाज आला. मग श्यामलालच म्हणाला, "सत्तावीस दिवस, सत्तावीस गोळ्या. बाटलीत त्र्याहत्तर. बरोबर त आहे बाप्पा. एक जास्त नाही, एक कमी नाही."

खुशबूला क्षणभरच सुटल्यासारखं वाटलं. औषध अस्सल, संख्या बरोबर. मग शामकलाकाकीचं काळीज पळालं कशानं?

आणि गुड्डूनं तोच प्रश्न उलटा करून तिच्या तोंडावर मारला. "संख्या बरोबर आहे ना? मंग दवाईच खराब! आता सुटत नाहीस तू!"

३

"रीता, खरं सांग," खुशबू खाली बसली. "काकीला कधीपासून बरं नव्हतं?"

रीता अठ्ठावीसची, तिरोड्याकडची. लग्नाला सात वर्षं झाली तरी ह्या घरात खालच्या आवाजातच बोलायची. "दसऱ्याले सकाळी बोडीच्या पाण्यात उतरली होती माय. भिजली. संध्याकाळपासून नाक गळून राहिलं. गुरुवारी मीनं बकारामकडे नेलं. त्यानं पुडी देली. शुक्रवारी म्हणे, रीता, छाती धडधडून राहिली. पुन्हा नेलं, त्यानं म्हटलं दम लागला, आन गोळ्या वाढवून देल्या."

"मग माझ्याकडं का नाही आलात?"

"बुधवार-गुरुवार तुह्या दुकानाले कुलूप होतं नं वो. शुक्रवारीबी बंदच असन वाटलं."

होतं. दसऱ्याला खुशबू वडिलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जाते, लहानपणापासून, एकही वर्ष न चुकवता. गुरुवारी रात्री परतली होती.

तिनं पुडी उलगडली. पिवळ्या गोळ्या आणि बारीक पांढऱ्या. ती शटरजवळ गेली, फरशीला गाल टेकवला. बाहेर चपलांचं रान होतं. "बकारामकाका आहेत का?"

दोन तपकिरी बूट पुढं आले. "काय म्हणतेस?"

"पिवळी गोळी नाक सुकवणारी ना? आणि पांढरी दम मोकळा करणारी?"

"हाव. त काय झालं?"

"काकीला थायरॉईडची गोळी चालू आहे, हृदयाची जुनी तक्रार आहे, विचारलं होतं का? पिवळी गोळी शिरा आवळते, काळीज पळवते. पांढरी गोळी दम मोकळा करते, पण तीही काळीज पळवते. आणि थायरॉईडची गोळी आधीच काळजाला चाबूक मारत असते. तिघी एकत्र आल्या तर काय होईल?"

बूट जरा मागे सरले, पण आवाज तसाच चढा. "मले शिकवून राहिली का तू? मागच्या थंडीत हेच औषध देलं होतं शामकलाबाईले. ह्याच गोळ्या, दोन्ही. आठ दिवस खाल्ल्या, टुणटुणीत झाली. तवाबी थायरॉईड होतंच ना? काय झालं तवा? बोल!"

खुशबूला आठवलं, खरंच होतं ते. जानेवारीत काकी स्वतः सांगत आल्या होत्या, बकारामच्या पुडीनं सर्दी गेली म्हणून. तेव्हाही छाती थोडी उडाली होती त्यांची, पण दोन दिवसांत शांत झाल्या होत्या.

त्याच गोळ्या, तोच थायरॉईड, तीच बाई. मग ह्या वेळेला वेगळं काय होतं?

बाहेर गुड्डूचा फोन वाजला. तो बोलला आणि मग त्याचा आवाज फाटला. "काय? ठोके अजून वाढले?"

४

आता शटरवर लाथा नव्हत्या, दगड होते. पत्रा घुमत होता आणि आत कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. रीता कान झाकून बसली. खुशबूला वाटलं, ह्या दहा बाय बाराच्या खोलीत आपलं आयुष्य संपणार. मागं दार नाही, खिडकी नाही. बाबा म्हणाले होते, मागं एक दार काढू. तिनंच म्हटलं होतं, त्या भिंतीला एक कपाट जास्त बसेल. भोग आता!

दगडाच्या एका दणक्यानं काउंटरवरची पिशवी खाली पडली आणि ती वाळकी पिवळी पाती फरशीवर पसरली. रीता झटकन वाकली, एकेक पातं वेचलं, कपाळाला लावलं.

"हे काय गं?"

"जवारे." रीताला आश्चर्य वाटलं. "तुमच्या घरी नाही राहत का? मायनं नऊ दिवस ज्योत ठेवली होती नं. टोपलीत गहू पेरला, हे त्याचे. दसऱ्याले बोडीत शिरवले. थोडे प्रसादाचे म्हणून उशाखाली ठेवते ती."

खुशबूच्या घरी ज्योतही नव्हती आणि जवारेही नव्हते. नवरात्र तिच्यासाठी म्हणजे उपासाची चिवडापाकिटं कुठं ठेवायची एवढंच. म्हणून हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"उपास कसा असतो काकीचा?"

"लय कडक. ज्योतवाली बाई उघड्या पायानं राहते, खाली झोपते. संध्याकाळची आरती होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नाही."

"थेंबही नाही?"

"नाही म्हणजे नाही. थुंकीबी गिळत नाही सकाळी."

खुशबूनं तिचे दोन्ही खांदे धरले. "रीता! मग सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची गोळी काकीनं नऊ दिवस घेतली कशी?"

रीता तिच्याकडे बघतच राहिली. "नाहीच घेतली. कशी घेईल? मोडते ना ज्योत."

"हे आधी का नाही सांगितलं तू?"

"त्यात सांगाचं काय वो? सगळ्यायलेच माहीत राहते."

खुशबू उठली. काउंटरवरचे सात ढीग आणि वरच्या तीन गोळ्या तिच्याकडं बघत होत्या. नऊ दिवस गोळी घेतलीच नाही, तरीही संख्या बरोबर. अगं बाई! संख्या बरोबर आली, हीच तर गोम होती. ती बरोबर यायलाच नको होती!

५

"श्यामलालभाऊ!" ती फरशीवर आडवी पडून ओरडली. "केशोरावकाका आहेत का तिथं?"

केशोराव म्हणजे शामकलाबाईंचे यजमान. तीस वर्षं राईस मिलमध्ये धानाचे कट्टे मोजले. निवृत्त झाले तरी मोजायची खोड गेली नाही. घरातली कोंबडी, छपराची कवेलू, बायकोच्या गोळ्या, सगळं रविवारी मोजून खडूनं दाराच्या चौकटीवर लिहायचे. अख्खं कुडवा त्यांची त्यावरून टर उडवायचं. आता ते गर्दीच्या टोकाला एका दगडावर बसून होते. श्यामलालनं त्यांना शटरजवळ आणलं.

"काका, मागच्या रविवारी गोळ्या किती होत्या?"

"शहाऐंशी," म्हातारा लगेच म्हणाला.

"आणि त्याच्या आधीच्या रविवारी? घट बसले त्याच्या आदल्या दिवशी?"

"शहाऐंशी."

"दोन्ही रविवारी शहाऐंशीच? काही वाटलं नाही?"

"कायले वाटाचं? नवरात्र होतं. खाऊनच नव्हती राहिली ते."

"आणि आज कोणी मोजल्या?"

"मी त दवाखान्यातून आत्ता येऊन राहिलो, पोरी. मले कोठं सुचते मोजणं."

"मग आता मोजा, मी सांगते ते." खुशबूचा आवाज चढला, पण आता तो भीतीनं चढला नव्हता. "शहाऐंशी होत्या. दसऱ्यापासून आजपर्यंत चार दिवस. रोजची एक, म्हणजे चार गेल्या. उरायला पाहिजे होत्या ब्याऐंशी. बाटलीत आहेत त्र्याहत्तर. बाकीच्या किती गेल्या?"

केशोरावांचे ओठ हलले. मग पुटपुटले, "नऊ."

"नऊ दिवसांच्या नऊ. काकीनं राहिलेल्या सगळ्या गोळ्या एकदम भरून काढल्या. ज्योत विसर्जन झाली, उपास सुटला, आणि दसऱ्याच्या दिवशी मागच्या नऊ आणि त्या दिवशीची एक. दहा!"

बाहेर कुणीतरी हातातला दगड खाली टाकला.

"थायरॉईडची गोळी त्याच दिवशी नाही चढत. हळूहळू अंगात मुरते, दोन-तीन दिवसांनी जोर करते. गुरुवारी ती चढत होती आणि नेमक्या त्याच दिवशी बकारामकाकांची पुडी सुरू झाली. जानेवारीत एका गोळीवर ती पुडी पचली. ह्या वेळेला दहांवर पडली. त्यात हृदय आधीच दुखणाईत. गुड्डू, दवाखान्यात आजाराचं काय सांगितलंस तू?"

गुड्डूचा आवाज पहिल्यांदा बारीक आला. "जाते वक्त फोन पे बकाराम बोला, दमा बोलके बताना. म्हणून… दमा सांगितला. वाफ देऊन राहिले ते तिले. दर अर्ध्या घंट्यानं."

खुशबूनं शटरवर तळहात आपटला. दम्याची वाफ! तेच औषध, पांढऱ्या गोळीचं भावंड. डॉक्टर बिचारे दमा समजून काळीज आणखी पळवत होते.

"फोन लाव! आत्ता लाव! स्पीकरवर ठेव!"

"आन तू खोटं बोलून राहिली असशीन त?"

"मग मी इथंच आहे!" ती किंचाळली. "जाणार कुठं? मागं दारही नाही मला! जाळ मग दुकान माझ्यासकट! पण आधी फोन लाव रे बाबा!"

फोन शटरखालून आत आला. पलीकडे एक डॉक्टरीणबाई होत्या, घाईतल्या. खुशबूनं चार वाक्यांत सांगितलं. थायरॉईडच्या दहा गोळ्या, बुधवारी, एकदम. गुरुवारपासून नाकाची गोळी आणि दम्याची गोळी. हृदयाचा जुना त्रास. दमा कधीच नव्हता.

क्षणभर पलीकडून नुसते यंत्राचे आवाज आले. मग त्या कुणावर तरी ओरडल्या, "वाफ बंद करा! आधी बंद करा ती!" आणि फोन कट झाला.

बाहेर तपकिरी बूट हळूच वळले. पण श्यामलालही जमादारच, तीस वर्षांचा मुरलेला. त्यानं शांतपणे बकारामच्या मोटरसायकलची चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. "बसा डॉक्टर. कुठं जाता? साहेब येऊन राहिले."

६

त्यानंतरचे तीन तास खुशबूला जन्मभर पुरतील. कारण कळलं, पण काकी वाचतील का, ते कुणालाच माहीत नव्हतं आणि शटर तसंच वीतभर उघडं होतं. गुड्डू पायरीवर बसला होता. त्यानं बाहेरून पाण्याची बाटली आत सरकवली, रीतासाठी. मग थांबून अजून एक सरकवली.

दुपारी एकच्या सुमारास फोन वाजला. गुड्डूनं तो कानाला लावला, ऐकला आणि मग एकदम रडायलाच लागला. रीता आतून ओरडली, "काय झालं? सांगा नं वो काय झालं?"

"उतरले," तो म्हणाला. "ठोके उतरले. माय डोळे उघडून पाहून राहिली. पाणी मांगून राहिली."

शटर त्यानंच वर ढकललं. दोन्ही हात आणि गुडघा लावून.

संध्याकाळी खुशबू दवाखान्यात गेली. शामकलाबाई उशीला टेकून होत्या, चेहरा पांढराफटक, हाताला सुई. खुशबूला पाहून त्या अपराध्यासारख्या हसल्या.

"लय तरास देला ना तुले?"

"काकी, दहा गोळ्या! कुणी सांगितलं तुम्हाला असं?"

"मी आली होती वो तुह्याकडे. दसऱ्याले, बोडीवरून येताना. ओल्या लुगड्यानंच. विचाराचं होतं, नऊ राहिल्या, आता काय करू. कुलूप होतं. मंग घरी गेली, रीतानं मागं वाचून दाखवलं होतं ते ध्यानात होतं. तूच त लिहून देलं बाटलीवर. एकही चुकवू नका." त्यांनी खुशबूचा हात हातात घेतला. "आता तू लिहिलं म्हणजे खरंच असन ना. मंग मीनं एकही नाही चुकवली."

खुशबू मान खाली घालून बसून राहिली आणि शामकलाबाईच तिची समजूत काढत राहिल्या.

तिथून ती घरी गेली नाही. दुकानात आली. दगडांचे पोचे पडलेलं शटर उघडलं, दिवा लावला. वरच्या फळीवर थायरॉईडच्या सव्वीस बाटल्या होत्या, ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या, प्रत्येकीवर आधीच लिहून ठेवलेलं तिचं ते टपोरं, ठाम अक्षर. आणि विकून झालेल्या किती घरांत होत्या, कुणाच्या उशाखाली होत्या, ते रजिस्टरमध्ये होतं. रजिस्टर तिनं पुढ्यात ओढलं आणि पहिल्या नंबरावर फोन लावला.

"काकू, मैत्री मेडिकलमधून खुशबू. बाटलीवर मी एक अर्धवट लिहिलंय. पेन घ्या, खाली माझ्या नावानं लिहा." फोन खांद्यात धरून ती स्वतःही पहिल्या बाटलीवर लिहीत होती. "लिहा, चुकली तर चुकू द्या. दुसऱ्या दिवशी एकच."